खापरावरचं धाडस

स्वयंपाकघरात नवं काही करायला हात धजत नाही, हा स्वभावाचा भाग आहे असं आपण धरून चालतो. कुणी जात्याच धीट, कुणी भित्री. मालेगाव आणि भोवतालच्या कसमादे पट्ट्यातला, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या भागातला, इतिहास पाहिला की हे पटत नाही. मराठी स्वयंपाकातली बहुधा सर्वांत अवघड पोळी इथं घरोघर होत आली, आणि ती करणाऱ्या सगळ्याच काही नावाजलेल्या सुगरणी नव्हत्या. त्यांना धीर मिळत होता तो शिकण्याच्या रीतीतून.

ही खापरावरची पुरणपोळी, मांड्यांच्या कुळातली. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लासा’त तापल्या खापरावर भाजायचे मंडक येतात, इतकी ही रीत जुनी. कणीक पाणी लावून लावून इतकी तिंबायची की ती न तुटता ताणली जावी. पुरण भरून पोळी दोन्ही हातांवर घ्यायची, झुलवत झुलवत ती कोपराकडे सरकते, आणि मग चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर एका झटक्यात टाकायची. तिथं लाटणं नाही आणि दुरुस्तीला सवडही नाही. फाटली की पुरण खापराला लागून करपतं आणि पुढच्या पोळीआधी ते पुसून काढावं लागतं.

असं असूनही मुली ती शिकल्या, कारण पहिल्या दिवशी कुणाच्या हातावर पोळी येत नसे. आधी जाळ सांभाळायचा, मग पुरण, मग कणीक. पोळी सर्वांत शेवटी. शेजारी जाणत्या बाया असत. घाणा मोठा असल्याने एखादी फाटली तर काही बिघडत नसे, ती दुधात कुस्करून पोरांच्या वाट्याला जाई. शिकण्याच्या या रीतीचा दुसरा पुरावा मालेगावातच आहे, तो मागाचा. 1857 नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगावात हातमाग रुजवला. त्या घरांत मूल थेट मागावर बसत नसे, आधी कांड्या भरी. कांडी बिघडली तर थोडं सूत जाई, लुगडं वाचे. चूक स्वस्त ठेवायची, ही दोन्हीकडची युक्ती. भीती वाढली ती चूक महाग झाल्यावर: वेगळं बिऱ्हाड, एकटी बाई, मोजकं सामान आणि दारात पाहुणे.

पुस्तकांनी तर उलट धीर दिला, असं कुणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. 1875 च्या ‘सूपशास्त्रा’पासून मराठीत पाककृती छापल्या जात आहेत; कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने 1970 मध्ये वाटी-चमच्याचं माप देऊन कितीतरी नवख्या हातांना आधार दिला. पण कणीक किती ताणली म्हणजे पुरे, हे माप वाटीत मावत नाही. ते बोटांनाच कळतं, आणि बोटांना कळायला दहा पोळ्या फाटाव्या लागतात.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. त्या बायकांना निवड कुठं होती? सासुरवाशिणीची पोळी फाटली तर बोलणी बसत, याला धीर म्हणायचं का? सक्तीतून हात तयार होतो हे मान्यच करायला हवं, आणि त्या सक्तीचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण या पट्ट्यासह खानदेशात या पोळीचा मोठा सण आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आणि आखाजीला लेक माहेरी येते. आमरसाबरोबरच्या त्या पोळ्या आई, बहिणी, मैत्रिणींच्या घोळक्यात होतात. हात साफ करून घ्यायला याहून निर्धास्त जागा त्या काळच्या बाईला क्वचितच मिळाली असेल. शिकवलं ते धाकाने नव्हे, या मोकळीकीने, असं माझं मत आहे.

आता अंगणातली चूल नाही आणि मांडे अनेक घरांत बचत गटाकडून मागवून येतात. तरी गॅसवर लोखंडी कढई पालथी घालून हीच पोळी करता येते. ती खापराएवढी पसरत नाही, पण हातावर झुलवायचा सराव तेवढ्यावर होतो. दोघी-तिघींनी मिळून, पाहुणे नसलेल्या दिवशी, थोडं पीठ जास्त भिजवून बसलं की झालं.