बाबांचा एक्सपी

बाबांच्या संगणकाची रॅम ५१२ एमबी. तुमच्या हातातल्या फोनची बहुधा याच्या आठपट तरी असेल. त्यावर विंडोज एक्सपी आहे आणि बाबा त्यावर गावाच्या आठवणी लिहितात. नवा घेऊ म्हटलं की म्हणतात, "याला काय धाड भरलीय?"

दिवाळीआधी त्यांनी एक प्रकरण पाठवलं. मी फोनवर दुरुस्त्या करून परत पाठवलं, तर तिकडे उघडेना. "माझं लिखाण गेलं का रे?" एवढंच विचारलं त्यांनी. गेलं नव्हतं. माझ्या फोनने ते डॉकएक्समध्ये साठवलं होतं आणि त्यांच्याकडचं ऑफिस त्याआधीच्या जमान्यातलं होतं.

मायक्रोसॉफ्टने २००७च्या ऑफिसपासून डॉकच्या जागी डॉकएक्स आणलं. जुनी डॉक फाइल बाकीच्यांसाठी बंद पेटीच होती. आत काय कसं ठेवलंय याचा अंदाज बांधत दुसऱ्यांनी आपले प्रोग्रॅम लिहिले. डॉकएक्स म्हणजे मुळात झिप फाइल. नावाचं शेपूट बदलून उघडून बघा, आत एक्सएमएलमध्ये तुमचा मजकूर दिसेल. पण तोवर ओडीएफ हा खुला फॉरमॅट २००६मध्येच आंतरराष्ट्रीय मानक झाला होता. मग दुसरं मानक हवंच कशाला, यावर देशोदेशी भांडणं झाली. भारताने विरोधात मत दिलं. तरी २००८मध्ये मायक्रोसॉफ्टचा फॉरमॅटही मानक झाला.

मला शोधायचं होतं ते असं ऑफिस, जे एक्सपीवर चालेल आणि दोन्ही वाचेल. मायक्रोसॉफ्टचं एक्सपीवर चालणारं शेवटचं ऑफिस २०१०चं, तेही विकत. दुसरा पर्याय लिबरऑफिस. त्याची वंशावळ बाबांना आवडली असती: जर्मनीतल्या ल्युनेबुर्गमध्ये मार्को ब्योरिस या पोराने १९८५च्या सुमारास सुरू केलेली स्टार डिव्हिजन, १९९९मध्ये ती सनने घेतली, पुढच्याच वर्षी कोड खुला केला, त्याचं ओपनऑफिस झालं. २०१०मध्ये सनच ओरॅकलकडे गेली, तेव्हा बरेच कार्यकर्ते वेगळे झाले आणि लिबरऑफिस जन्माला आलं. भाऊबंदकी कुणाला चुकलीय?

पण ताजी आवृत्ती घेऊन उपयोग नव्हता. २०१८च्या ६.० पासून किमान विंडोज ७ लागतं. एक्सपीसाठी शेवटची मालिका ५.४. ती त्यांच्या संग्रहात अजून मिळते. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती एप्रिल २०१४मध्येच थांबलीय, म्हणून संगणकाला इंटरनेट जोडलेलं नाही. मी पेन ड्राइव्हवर घेऊन गेलो.

नशीब, बाबा पहिल्यापासून युनिकोडमध्ये टाइप करतात. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलं असतं तर मला फोनवर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसली असती.

पाडव्याला इन्स्टॉल केलं. पहिल्यांदा उघडायला इतका वेळ लागला की आईचा चहा झाला. मग प्रकरण आलं, माझ्या दुरुस्त्यांसकट. बाबांनी चष्मा चढवून पहिलं पान वाचलं, एका शब्दावर थांबले.

"विहीर कुणी केलं? आड होता तो."

आणि खोडून परत 'आड' लिहिलं.