परदेशी नोकरी आणि हिपॅटायटिस: काय काळजी घ्याल?

कोकणातून आणि राज्याच्या इतर भागांतून अनेक जण नोकरीसाठी आखाती देशांत जातात. व्हिसासाठीच्या वैद्यकीय तपासणीत हिपॅटायटिस बी आणि सी यांची रक्तचाचणी असते. काहीही त्रास नसताना ‘अनफिट’ असा शेरा मिळतो आणि आपल्याला हा आजार आहे, हे अनेकांना तेव्हाच पहिल्यांदा कळते.

हिपॅटायटिस कसा पसरतो?

हिपॅटायटिस म्हणजे यकृताला येणारी सूज.

- ए आणि ई: दूषित पाणी व अन्नातून पसरतात. खोलीत दाटीने राहणे, सामाईक स्वयंपाकघर व शौचालय यांमुळे धोका वाढतो. बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. मात्र गरोदरपणी ‘ई’ जिवावर बेतू शकतो.
- बी आणि सी: रक्तातून पसरतात. दुसऱ्याचा रेझर, सलूनमधले जुने ब्लेड, गोंदण, वापरलेली सुई यांतून लागण होते. ‘बी’ असुरक्षित शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळालाही होतो. हे दोन्ही वर्षानुवर्षे शरीरात राहून सिरॉसिस किंवा यकृताचा कर्करोग घडवू शकतात.

एका ताटात जेवल्याने किंवा हात मिळवल्याने बी आणि सी पसरत नाहीत.

जाण्यापूर्वी

एजंटला पैसे देण्याआधी बी आणि सीची चाचणी करून घ्या. बीची लस बाळांना देशभर २०११ पासून दिली जाते. त्याआधी जन्मलेल्या अनेकांना ती मिळालेली नाही. मोठ्यांना तीन डोस लागतात: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. म्हणून तयारी लवकर सुरू करा. एच्या लशीबद्दलही डॉक्टरांना विचारा. सीवर लस नाही.

सुटीवर आल्यावर कावीळ झाली तर

लागण झाल्यावर लक्षणे दिसायला एमध्ये २ ते ६ आठवडे, ईमध्ये २ ते १० आठवडे आणि बीमध्ये १ ते ६ महिने लागू शकतात. त्यामुळे तिकडची लागण इकडे आल्यावर दिसू शकते. प्रवासाची माहिती डॉक्टरांना द्या. झाडपाल्याचे औषध आणि दारू टाळा. रुग्ण असंबद्ध बोलू लागला, फार झोपाळला, रक्तस्राव झाला किंवा उलट्या थांबेनात, तर ताबडतोब रुग्णालयात न्या.

चाचणी पॉझिटिव्ह आली तर

- बी: प्रत्येकाला लगेच औषध लागत नाही, पण नियमित तपासणी लागतेच. सुरू असलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. आजार अचानक उसळू शकतो. पत्नी आणि मुलांची तपासणी करून गरज असल्यास त्यांना लस द्या.
- सी: साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. बरे झाल्यावरही अँटीबॉडी चाचणी पॉझिटिव्हच राहते. त्यामुळे विषाणू नसल्याचा आरएनए चाचणीचा अहवाल जपून ठेवा.

राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून ठरावीक सरकारी रुग्णालयांत या दोन्हींची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. ‘अनफिट’ शेऱ्याने नोकरी हुकते, याचे दुःख मोठे असते. पण आजार वेळेत कळल्याने यकृत वाचू शकते. तो अहवाल कपाटात ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा.