विश्लेषण : ट्रेन सिम्युलेटर टॅब्लेटवर, मॅकवर, जुन्या पीसीवर चालतो का? पैसे भरण्याआधी काय तपासायचं?

हार्बर मार्गावरची पनवेल लोकल मानखुर्द सोडते आणि पुढचे साधारण ८ किलोमीटर एकही स्टेशन येत नाही. ठाणे खाडीवरचा पूल ओलांडून गाडी थेट वाशीला थांबते. मोटरमनच्या केबिनमधून हा पूल कसा दिसत असेल, बारा डब्यांची गाडी फलाटावर नेमकी कशी थांबवत असतील, असा प्रश्न अनेक प्रवाशांना पडतो. ट्रेन सिम्युलेटर म्हणजे या प्रश्नाचं घरबसल्या मिळणारं उत्तर.

अडचण पुढे सुरू होते. एक सिम्युलेटर फक्त विंडोजवर चालतो, दुसरा फक्त मोबाइलवर, तिसरा मोफत असतो पण त्याचे मार्ग वेगळे शोधावे लागतात. घरात एखादा टॅब्लेट किंवा जुना लॅपटॉप एवढंच असेल, तर काय चालेल हे आधी कळलेलं बरं. नाहीतर पैसे आणि डेटा दोन्ही वाया जातात.

सिम्युलेटर आणि साधा ट्रेन गेम यात फरक काय?

साध्या गेममध्ये बटण दाबलं की गाडी पळते आणि सोडलं की थांबते. सिम्युलेटर गाडीचं वजन, मोटरची ताकद, चढ-उतार आणि ब्रेक लागायला लागणारा वेळ यांचा हिशेब करतो. बारा डब्यांची लोकल सुमारे अडीचशे मीटर लांब असते. ती फलाटावर अचूक उभी करायची तर ब्रेक कुठे लावायचा, हे बरंच आधी ठरवावं लागतं. सिग्नलही वाचावे लागतात. मुंबईच्या उपनगरी मार्गावर लाल, पिवळा, दोन पिवळे आणि हिरवा असे चार संकेत असतात. दोन पिवळे दिसले की पुढचा सिग्नल पिवळा असू शकतो, हे ओळखून तयारीत राहायचं असतं.

अंतराचाही फरक पडतो. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने मानखुर्द ते वाशी जायला ८ मिनिटं लागतात. मोबाइलवरचे बरेच खेळ असं अंतर आखडून एक-दोन मिनिटांत पुढचं स्टेशन आणतात. गंमत म्हणून ते ठीक आहे, पण गाडी चालवण्याचा खरा अंदाज त्यातून येत नाही.

एकच खेळ सगळीकडे का चालत नाही?

हे समजायला हार्बर मार्गाचाच इतिहास उपयोगी पडतो. भारतातली पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी याच मार्गावर, बॉम्बे व्हीटी ते कुर्ला अशी धावली. तेव्हा तारेत १,५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता. एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्ग २५,००० व्होल्टच्या एसी प्रवाहावर गेला. रूळ तेच आणि स्टेशनंही तीच राहिली, पण फक्त डीसीवर चालणारे जुने रेक त्या तारेखाली निरुपयोगी झाले. दोन्ही प्रवाहांवर चालणारे रेक मात्र बदलाच्या काळातही धावू शकले.

सॉफ्टवेअरचंही असंच आहे. बहुतेक लॅपटॉप-पीसीमध्ये इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असतो. टॅब्लेट आणि मोबाइलमध्ये एआरएम पद्धतीचा प्रोसेसर असतो, आणि त्याच्या सूचनांची भाषाच वेगळी आहे. त्यावर विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड अशा वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोजसाठी बनवलेली फाइल अँड्रॉइड टॅब्लेटवर उघडत नाही, ती या ‘तारे’च्या फरकामुळे. टॅब्लेट कितीही महागडा असला तरी हा नियम बदलत नाही. म्हणून आधी तार बघायची, मग गाडी निवडायची.

विंडोज : सर्वात जास्त पर्याय

या छंदाचा मोठा भाग विंडोजवरच वाढला. मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर २००१ मध्ये आला. चाहत्यांना स्वतःचे मार्ग आणि इंजिनं जोडता यायची, हे त्याचं मोठं बलस्थान होतं. दुसऱ्या भागाचं काम सुरू झालं होतं, पण २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपला एसेस स्टुडिओ बंद केला आणि तो भाग आलाच नाही.

तरीही चाहत्यांचे मार्ग वाया गेले नाहीत. स्वयंसेवकांनी ‘ओपन रेल्स’ नावाचा मोफत, मुक्तस्रोत सिम्युलेटर तयार केला. त्याची १.० आवृत्ती २०१५ मध्ये आली. मायक्रोसॉफ्टच्या खेळासाठी बनवलेले मार्ग आणि गाड्या त्यात चालतात. नव्या खेळांच्या तुलनेत त्याला साधा लॅपटॉप पुरतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची : बऱ्याच जुन्या मार्गांना मूळ खेळातल्या काही फाइल्स लागतात. त्या नसतील तर मार्ग उघडत नाही किंवा अर्धवट दिसतो.

‘ट्रेन सिम्युलेटर क्लासिक’ आणि ‘ट्रेन सिम वर्ल्ड’ हे दोन्ही खेळ डव्हटेल गेम्सचे. क्लासिक फक्त विंडोजसाठी आहे. ट्रेन सिम वर्ल्ड विंडोजसोबत प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरही चालतो. तो अनरिअल इंजिनवर बनलेला असल्याने चांगलं वेगळं ग्राफिक्स कार्ड मागतो. ऑफिसच्या कामासाठी घेतलेल्या साध्या लॅपटॉपवर त्याची अपेक्षा न ठेवलेली बरी. दोन्हींमध्ये मूळ खेळापेक्षा पुढे घेतले जाणारे मार्ग आणि इंजिनं यांवरच खर्च वाढत जातो.

मॅक आणि लिनक्स

मॅकवाल्यांना दोन नावं माहीत हवीत. पहिलं ‘ट्रेन्झ’. ऑस्ट्रेलियातल्या ऑरन कंपनीने २००१ मध्ये सुरू केलेली ही मालिका आता एनथ्रीव्ही गेम्सकडे आहे आणि तिच्या मॅक आवृत्त्या मिळतात. स्वतःचा मार्ग आखण्याचं साधन त्यातच असतं. दुसरं ‘ओपनबीव्हीई’. हा मोफत सिम्युलेटर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. जपानमधल्या बीव्हीई या सिम्युलेटरसाठी बनवलेले अनेक मार्ग तो वाचतो. त्याचा सगळा भर केबिनमधून गाडी चालवण्यावर आहे आणि जुन्या यंत्रावरही तो बऱ्यापैकी चालतो.

मॅकवर जुना खेळ विकत घेताना दोन वर्षं आठवा. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकवर ३२-बिट प्रोग्राम चालत नाहीत. आणि २०२० पासून आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपवर बूट कॅम्प नाही, म्हणजे पूर्वीसारखं मॅकमध्येच विंडोज टाकून खेळ चालवण्याचा सरळ रस्ता बंद झाला.

लिनक्सवर ‘वाइन’ हे साधन विंडोजच्या प्रोग्रामच्या मागण्या लिनक्सला समजतील अशा करून देतं. स्टीमचं ‘प्रोटॉन’ त्यावरच आधारलेलं असून ते २०१८ मध्ये आलं. विंडोजचे अनेक खेळ त्यामुळे लिनक्सवर चालू लागले, पण प्रत्येक खेळ चालेलच असं नाही. विकत घेण्याआधी त्या विशिष्ट खेळाबद्दल इतर लिनक्स वापरकर्त्यांचा अनुभव वाचावा.

टॅब्लेट आणि मोबाइल

टॅब्लेटवर दोन मार्ग आहेत. पहिला, टॅब्लेटसाठीच बनवलेला खेळ घेणं. चेन्नईच्या हायब्रो इंटरॅक्टिव्हचा ‘इंडियन ट्रेन सिम्युलेटर’ हे यातलं ओळखीचं नाव. भारतीय इंजिनं आणि स्टेशनांची नावं त्यात असतात. ट्रेन्झच्याही अँड्रॉइड आणि आयपॅडसाठी वेगळ्या आवृत्त्या निघाल्या आहेत. पण नाव एकच असलं तरी कॉम्प्युटरवरची आवृत्ती आणि टॅब्लेटवरची आवृत्ती ही वेगवेगळी उत्पादनं असतात. एका ठिकाणी घेतलेला मार्ग दुसरीकडे आपोआप मिळेल, असं समजू नका.

दुसरा मार्ग म्हणजे खेळ कॉम्प्युटरवर चालवायचा आणि टॅब्लेटवर फक्त बघायचा. ‘स्टीम लिंक’ हे मोफत ॲप हे काम करतं. खेळाचा सगळा हिशेब कॉम्प्युटर करतो, टॅब्लेटवर चित्र येतं आणि बोटांचे इशारे परत जातात. यासाठी घरातलं वायफाय चांगलं हवं आणि कॉम्प्युटर चालू हवा. कॉम्प्युटर केबलने राउटरला जोडला तर चित्र अडखळणं कमी होतं. गाडी चालवण्यात धावण्या-मारण्याच्या खेळांइतकी चपळाई लागत नाही. त्यामुळे चित्र किंचित उशिरा आलं तरी सिम्युलेटरमध्ये ते खपून जातं.

टॅब्लेटची एक मर्यादा पहिल्या मार्गात जाणवते. जड खेळ वीस-पंचवीस मिनिटं चालला की टॅब्लेट तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पंखा नसल्याने असं होतं. चित्र अडखळायला लागलं की ग्राफिक्सची पातळी एक पायरी खाली आणा. चार्जिंगला लावून खेळणंही टाळा.

मुंबईची लोकल नेमकी कुठे सापडते?

परदेशी कंपन्यांचे मार्ग बहुतांशी ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिकेतले आहेत. कॉम्प्युटरवरच्या भारतीय गाड्या मुख्यतः चाहत्यांनी बनवल्या आहेत. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या खेळासाठी आणि ट्रेन्झसाठी भारतीय इंजिनं, डबे आणि मार्ग वर्षानुवर्षं तयार होत आले. त्यामुळे हा निर्णय उलट्या बाजूने घ्यावा लागतो : आधी हवी ती गाडी किंवा मार्ग शोधायचा, तो कोणत्या सिम्युलेटरसाठी आहे ते बघायचं आणि मग तो सिम्युलेटर आपल्या यंत्रावर चालतो का ते तपासायचं.

मार्ग बनवणाऱ्याला काळही ठरवावा लागतो. मे १९९२ पूर्वीचा हार्बर मार्ग दाखवायचा तर वाशीचा पूल नाही आणि गाडी मानखुर्दलाच संपते. एप्रिल २०१६ पूर्वीचा दाखवायचा तर डीसीवरची लोकल आणि तिचा वेगळा आवाज. नकाशे आणि उपग्रह चित्रं, फलाटावरून दिसणारं दृश्य, गाडीच्या खिडकीतून घेतलेल्या नोंदी यांवर असे मार्ग उभे राहतात. मोजमापासाठी रुळांत उतरणं हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे. शिवाय जिवाला धोका आहे तो वेगळाच.

पैसे भरण्याआधी पाच गोष्टी

१. खरेदीच्या पानावर कोणत्या सिस्टीमची चिन्हं आहेत ते बघा. स्टीमवर विंडोज, मॅक आणि लिनक्स यांची चिन्हं वेगळी दाखवलेली असतात. तिथे फक्त विंडोजचं चिन्ह असेल तर मॅकवर खेळ चालेल असं धरू नका.

२. किमान आणि शिफारस केलेली क्षमता हे दोन रकाने वेगळे असतात. किमानवर खेळ उघडतो, नीट चालण्यासाठी शिफारस केलेल्या क्षमतेच्या जवळ असावं.

३. जागा आणि डेटा मोजा. मोठ्या सिम्युलेटरचे मार्ग काही जीबींचे असतात. रोज दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर असा मार्ग उतरवायला बरेच दिवस जातील.

४. परताव्याचा नियम वापरा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात. पहिल्या अर्ध्या तासातच खेळ आपल्या यंत्रावर नीट चालतो का ते पाहून घ्या.

५. ‘फुकट पूर्ण आवृत्ती’ म्हणून फिरणाऱ्या एपीके फाइल्स टाळा. ट्रेनच्या खेळाला तुमचे संपर्क किंवा एसएमएस वाचायची परवानगी लागत नाही. ती मागितली तर ॲप काढून टाका. मुलांच्या हातात टॅब्लेट असेल तर ॲपमधल्या खरेदीला पासवर्ड लावा.

मग सुरुवात कशाने करायची?

घरात फक्त अँड्रॉइड टॅब्लेट असेल तर मोफत मोबाइल खेळाने सुरुवात करा, त्यातली खरेदी नंतर बघा. जुना विंडोज लॅपटॉप असेल तर ओपन रेल्स किंवा ओपनबीव्हीई. मॅक किंवा लिनक्स असेल तर आधी ओपनबीव्हीई, आवड टिकली तर मॅकवर ट्रेन्झ. चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी हाताशी असेल तरच ट्रेन सिम वर्ल्डचा विचार करा. नवा टॅब्लेट किंवा ग्राफिक्स कार्ड घेण्याची घाई नको. मोफत सिम्युलेटरवर महिनाभर गाडी चालवा. फलाटावर अचूक थांबण्याचा सराव करताना कंटाळा आला नाही, तर पैसे खर्च करायला हरकत नाही.