जाते, ओवी आणि आईवडिलांच्या आठवणी : ताथवडे परिसराचा एक घरगुती इतिहास

पवना खोऱ्यातील ताथवडे आज महामार्गाचे बाह्यवळण, महाविद्यालये आणि उंच गृहसंकुले यांमुळे ओळखले जात असले, तरी 2009 मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट होईपर्यंत ते ग्रामपंचायतीचे गाव होते. मावळ-मुळशीच्या वेशीवरील या पट्ट्यात घरचा दिवस शेती, गोठा आणि दळण यांभोवती फिरत असे. वडीलधाऱ्यांच्या आठवणी पुढच्या पिढीला सांगण्यासाठी कोणी वेगळा वेळ राखून ठेवत नसे, कारण हातातले काम चालू असतानाच त्या सांगितल्या जात. अशा सांगण्याचा सर्वांत समृद्ध ठेवा म्हणजे जात्यावरच्या ओव्या होत.

जात्याच्या दोन गोल दगडी तळ्यांपैकी खालची स्थिर असते, तर वरची लाकडी खुंट्याला धरून फिरवली जाते. दिवस उजाडण्याआधी सासू-सून किंवा नणंद-भावजय समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात लावीत, मधूनमधून बाजरीची वा ज्वारीची वैरण, म्हणजे एका वेळी जात्याच्या तोंडात टाकायचे मूठभर धान्य, घालीत आणि घरघरीच्या लयीत ओवी गात. आरंभी देवाचे नाव घेतले जाई, मग माहेर, आई, वडील आणि भाऊ यांची आठवण निघे. थकलेल्या आईची काळजी आणि आईमागे ओसरलेली माहेरची ओढ हे विषय या ओव्यांत पुनःपुन्हा येतात. आईकडून ऐकलेल्या ओवीत सासरी आलेली मुलगी आपल्या भावाचे वा गावाचे नाव घाली, आणि अशा रीतीने आईचे शब्द तिच्या संसारातही वावरत राहत.

या ठेव्याचे मोल ओळखून हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले समाजशास्त्रज्ञ गी प्वातव्हाँ (1934–2004) यांनी पुण्याहून संकलनाचे काम उभारले. मुळशी-मावळातील खेड्यांपासून सुरू झालेल्या या कामातून 1 लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आणि त्या गाणाऱ्या स्त्रियांच्या नावांसह नोंदवल्या गेल्या. घरच्या कष्टांचा आणि नात्यांचा इतिहास ज्यांच्या कंठात होता त्यांनाच त्याचे कर्तेपण मिळाले, ही या संकलनाची फार मोठी कामगिरी आहे.

संकलन होत होते तेव्हा मूळ प्रथा मात्र मागे पडत चालली होती, कारण पिठाच्या गिरणीने स्त्रियांचे पहाटेचे कष्ट वाचवले आणि त्याबरोबरच दोन पिढ्यांनी रोज एकत्र बसण्याचे निमित्तही नाहीसे झाले. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि पुढे कारखान्यांच्या पाळ्यांनी या परिसरातील घरांच्या झोपण्या-जेवण्याच्या वेळा बदलल्या. हिंजवडीत संगणक-उद्योग आल्यावर तर शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. जाते आता मुख्यतः लग्नघरात दिसते, जिथे घाणा भरण्याच्या विधीत सवाष्णी त्याची पूजा करून हळद दळतात आणि थोरल्या बायका आठवतील तेवढ्या ओव्या म्हणतात.

वृद्ध आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियमाने मुलांवर टाकली आहे. निर्वाहासाठी अर्ज करता येतो, परंतु आठवणी ऐकून घेण्याची तरतूद घरालाच करावी लागते. जात्याचे कष्ट परत यावेत असे कोणीही म्हणणार नाही. तथापि त्या प्रथेतून एक गोष्ट निश्चितपणे घेण्यासारखी आहे. ‘जुने काही सांगा’ असे म्हटल्यावर जी आई गप्प राहते, ती सोबत भाजी निवडताना, पापड लाटताना किंवा सांडगे घालताना आपणहून बोलू लागते. म्हणून ताथवड्याच्या नव्या सदनिकांत आईवडिलांसोबत रोजचे एखादे काम वाटून घेणे आणि त्या वेळचे त्यांचे बोलणे त्यांच्या नावानिशी नोंदवून ठेवणे, हाच या परंपरेचा आजच्या काळातील योग्य विस्तार ठरेल.