काळा मार्लिन

काळा मार्लिन (शास्त्रीय नाव इस्टिओम्पॅक्स इंडिका) : हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या उष्ण पाण्यात राहणारा, भाल्यासारखी चोच असलेला महाकाय मासा. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी १८३२ मध्ये सुमात्राच्या एका माशावरून त्याचे वर्णन केले. अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरातही तो आढळतो.

त्याची खूण छातीजवळच्या परांत आहे. निळ्या मार्लिनचे हे पर अंगाला मिटवता येतात. पूर्ण वाढलेल्या काळ्या मार्लिनचे पर मात्र ताठ असतात, जोर लावून दुमडू पाहिले तर मोडतात. पाठीवरचा पर अंगाच्या मानाने ठेंगणा असतो. चोच तुटलेली असू शकते, म्हणून अभ्यासक माशाची लांबी खालच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजतात.

कुपे, बांगडे, माकूळ हे त्याचे खाद्य. चोचीच्या फटकाऱ्याने भक्ष्याला घायाळ करून तो ते गिळतो. डोळा हलवणाऱ्या एका स्नायूचे रूपांतर उष्णता निर्माण करणाऱ्या अवयवात झाले असल्याने थंड, खोल पाण्यातही त्याचे डोळे आणि मेंदू उबदार राहतात. मार्लिनकुळातले मासे ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने पोहतात, असे अनेक पुस्तकांत छापलेले असते. त्यावर विश्वास ठेवू नये. याच कुळातल्या सेलफिशच्या अंगावर यंत्रे लावून केलेल्या मोजणीत सर्वाधिक वेग ताशी तीस किलोमीटरच्या आसपास भरला.

या जातीत राक्षसी आकार मादीचा. नर दोनशे किलोच्या पुढे क्वचितच जातो. मादी सुमारे सातशे किलोपर्यंत वाढते आणि कोट्यवधी अंडी घालते. गळाच्या शौकिनांनी विक्रम म्हणून किनाऱ्यावर टांगलेली प्रचंड धुडे बहुतेक माद्यांची होती, आणि या खेळाचा इतिहास सांगताना ही गोष्ट वगळून चालणार नाही.

सर्वांत मोठा विक्रम पेरूच्या काबो ब्लांको या गावचा. ४ ऑगस्ट १९५३ रोजी अमेरिकी शिकारी आल्फ्रेड ग्लासेल यांनी ‘मिस टेक्सास’ बोटीवरून १,५६० पौंडांचा, म्हणजे सुमारे ७०८ किलोंचा काळा मार्लिन धरला. झुंज पावणेदोन तास चालली. तिचे चित्रीकरण झाले आणि हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ या कादंबरीवरील १९५८ च्या चित्रपटात त्यातली दृश्ये वापरली गेली. गंमत अशी, की कादंबरीतला म्हातारा क्यूबाचा, अटलांटिकमधला. हा मासा प्रशांत महासागरातला.

पुढे ऑस्ट्रेलियाने या खेळाचे केंद्र आपल्याकडे खेचले. १९६६ मध्ये क्वीन्सलँडमधल्या केर्न्सजवळ जॉर्ज ब्रॅन्सफर्ड यांच्या ‘सी बेबी’ बोटीवर १,०६४ पौंडांची मादी गळाला लागली आणि जगभरचे शौकीन ग्रेट बॅरियर रीफकडे वळले. तिथला हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर. याच सुमारास माद्या प्रवाळभिंतीच्या बाहेरच्या कडेला अंडी घालायला जमतात, आणि बोटीही त्याच वेळी तिथे पोहोचतात. आमिष म्हणून सुरमईच्या कुळातले अख्खे मासे बोटीमागे ओढले जातात. मार्लिनने ते घेतले, की शिकारी बोटीच्या मागच्या भागात पक्क्या बसवलेल्या खुर्चीत बसतो. हाती जाड दोरीची अवजड गरारी असते. मासा पाण्याबाहेर उसळ्या घेतो, बुडी मारतो, शेकडो मीटर दोरी ओढून नेतो. कप्तान बोट उलटी चालवत त्याच्या मागे जातो.

आज केर्न्सला बहुतेक मासे जिवंत सोडले जातात. न्यू साउथ वेल्स राज्याने १९७३ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात शौकीनच माशाच्या अंगात क्रमांकाची खूण टोचतात. पुन्हा सापडलेल्या माशांवरून त्यांचे लांबच्या समुद्रांतले प्रवास समजले. १९९८ पासून ऑस्ट्रेलियन पाण्यात व्यावसायिक बोटींना काळा आणि निळा मार्लिन बाळगायला बंदी आहे. हजार पौंडांवरच्या मादीला तिथे ‘ग्रँडर’ म्हणतात. तिचे नेमके वजन करायचे तर तिला मारावे लागते. म्हणून कप्तान ती बोटीच्या कडेला आली, की नजरेने अंदाज सांगतो आणि दोरी कापली जाते.