लोणीचा ऊस : पाणी, माती आणि माणसे

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील लोणी गावचे उसाचे मळे पाहिले, की हा भरपूर पावसाचा मुलूख असावा असे वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. लोणी सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. येथे वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पाटाने भिजवलेल्या बारमाही उसाला सुमारे २५०० मिलिमीटर पाणी लागते. उरलेले पाणी येते कोठून?

उत्तर नकाशावर सापडते. प्रवरा नदी रतनगडाजवळ, घाटमाथ्याच्या मुसळधार पावसात उगम पावते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर हे पाणी अडवण्याची निकड सरकारला पटली. भंडारदरा धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले व १९२६ मध्ये संपले. दुष्काळ निवारण्यासाठी आलेल्या पाटपाण्यावर शेतकऱ्यांनी रोख पैसा देणारा ऊस लावला.

ज्वारी पेवात साठवून भावाची वाट पाहता येते. उसाचे तसे नाही. तोडलेल्या उसाचे वजन घटते आणि त्यातील सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विघटन होऊ लागते. म्हणून तो लगेच गाळावा लागतो. एक तर गुऱ्हाळ, नाही तर जवळचा कारखाना. आणि दोन्हीकडे भाव दुसऱ्याच्या हाती. या कोंडीवर उपाय म्हणून विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणले. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांची त्यांना साथ मिळाली. १९४८ मध्ये नोंदलेल्या प्रवरा कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. महाराष्ट्रातील हा पहिला सहकारी साखर कारखाना. ऊस पिकवणाराच कारखान्याचा मालक झाला.

मात्र पाण्याचा हिशेब तेथे संपत नाही. भारी काळ्या जमिनीत निचरा मंद असतो. जादा पाण्याने भूजल वर येते, केशाकर्षणाने क्षार पृष्ठभागाशी पोचतात, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. जमीन खारवट, पुढे चोपण होते. दुसरीकडे, याच खोऱ्यातील उंचावरची जिरायती गावे कोरडीच राहिली. त्यांच्यासाठीच्या निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्यात पाणी सोडले गेले ते २०२३ मध्ये.

वर्गात एक गणित घालून पाहा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. मग २००० मिलिमीटर म्हणजे किती? उत्तर येते दोन कोटी लिटर. एवढ्या पाण्यात ज्वारीचे किती हेक्टर भिजतील, हा पुढचा प्रश्न विद्यार्थ्यांनाच सोडवू द्यावा.