रामगुलाम, सर शिवसागर

(१८ सप्टेंबर १९०० – १५ डिसेंबर १९८५). हिंदी महासागरातील मॉरिशस या द्वीपराष्ट्राचे पहिले पंतप्रधान, व्यवसायाने डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश अंमलाखालील बेटे एकामागून एक स्वतंत्र होत गेली, त्या काळी कायदेमंडळाच्या आतूनच सत्तांतर घडवून आणणाऱ्या नेत्यांत, त्रिनिदादचे एरिक विल्यम्स यांच्या बरोबरीने, त्यांचे नाव घेतले जाते. शेजारच्या रेयुनियनने १९४६ साली फ्रान्सचा जिल्हा होऊन राहणे पत्करले आणि सेशल्समध्ये स्वातंत्र्यानंतर वर्षाच्या आतच, जून १९७७ मध्ये, जेम्स मँचम यांची सत्ता उलथली गेली. या पार्श्वभूमीवर मॉरिशसमध्ये मतपेटीने आणलेले आणि पुढे मतपेटीनेच पालटलेले राज्य हे रामगुलामांचे खरे कर्तृत्व होय.

जन्म व शिक्षण : फ्लाक जिल्ह्यातील बेल रिव येथे गिरमिटिया कुटुंबात जन्म. वडील मोहित हे बिहारच्या भोजपूर भागातून आलेले व साखरमळ्यावर सरदार, म्हणजे आपल्याकडील मुकादम, होते. बाराव्या वर्षी गोठ्यातील अपघातात शिवसागर यांचा डावा डोळा गेला. क्युरपिपच्या रॉयल कॉलेजात शिक्षण घेऊन ते १९२१ मध्ये लंडनला गेले आणि वैद्यकाची पदवी घेऊन १९३५ मध्ये परतले. या चौदा वर्षांत फेबियन समाजवादाचा व हिंदी राष्ट्रीय चळवळीचा ठसा त्यांच्या मनावर कायमचा उमटला.

पार्श्वभूमी : १८३४ पासून पुढील सुमारे आठ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी मजूर करारनाम्यावर या बेटावर उतरले. बहुसंख्य बिहार व संयुक्त प्रांताकडील, तर काही तमिळ व तेलुगू होते; मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडील कोकणी माणसे बरीच होती आणि त्यांच्या वंशजांत गणेशोत्सव व जाखडीचा नाच आजही टिकून आहे. ऊस, साखर कारखाने व सरकारदरबारचे वजन मात्र मूठभर फ्रेंच वंशाच्या जमीनदारांच्या हाती होते. १९०१ मध्ये गांधीजी येथे काही दिवस थांबले आणि १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे वकील आले, तेव्हापासून या मजुरांच्या कैफियती न्यायालयापुढे व छापखान्यात पोचू लागल्या. १९३६ मध्ये डॉ. मॉरिस क्युरे यांनी मजूर पक्ष स्थापला. पुढील वर्षी युनियन फ्लाक येथे आणि १९४३ मध्ये बेल व्ह्यू आरेल येथे मजुरांवर गोळीबार झाला. दुसऱ्या प्रसंगी बळी पडलेल्यांत अंजले कुपेन ही गरोदर स्त्री होती.

मताधिकाराचा प्रश्न : रामगुलाम १९४० मध्ये गव्हर्नरांनी नेमलेले सभासद म्हणून कायदेमंडळात गेले, आणि त्याच वर्षी निघालेल्या ‘अ‍ॅडव्हान्स’ या दैनिकाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. तोवर १८८५ च्या घटनेनुसार मताचा हक्क मालमत्ता किंवा भरपूर उत्पन्न असणाऱ्यांपुरताच होता, त्यामुळे मतदारांची संख्या सुमारे १२ हजारांपलीकडे गेली नव्हती. युद्धानंतर घटनेचा जो नवा मसुदा वाटाघाटींतून तयार झाला त्यात, बेटावर रूढ असलेल्या कोणत्याही भाषेत ज्याला साधी वाक्ये लिहितावाचता येतील त्याला मत द्यावे, असे कलम आले. आणि हे एकच कलम मॉरिशसच्या इतिहासात पुढील साऱ्या तहनाम्यांहून अधिक मोलाचे ठरले असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गावोगाव ‘बैठका’ नावाच्या संध्याकाळच्या शाळा पूर्वीपासून होत्या, तेथे रामायण वाचले जाई व मुलांना हिंदी अक्षरे शिकविली जात. आता वासुदेव विष्णुदयाल यांच्या जनआंदोलनाचे स्वयंसेवक तेथे प्रौढांना शिकवू लागले. दिवसभर ऊस तोडून आलेला, कोयत्याने हाताला घट्टे पडलेला माणूस कंदिलाच्या उजेडात पाटीवर स्वतःचे नाव पुनःपुन्हा गिरवी, कारण त्याच्या बापाने करारनाम्यावर उठविलेला अंगठा मतदार नोंदणीच्या मेजावर चालणार नव्हता. १९४८ च्या निवडणुकीपर्यंत मतदार सुमारे ७२ हजार झाले. निर्वाचित १९ जागांपैकी बहुतेक जमीनदारी पक्षाच्या हातून गेल्या. रामगुलाम स्वतः उत्तरेकडील मतदारसंघातून निवडून आले. परंतु गव्हर्नरांनी १२ सभासद नेमताना बहुधा पुराणमतवादीच निवडले आणि मतपेटीने दिलेले बहुमत नेमणुकीच्या हुकमाने निष्प्रभ झाले. त्या अन्यायाचे परिमार्जन व्हायला प्रौढ मताधिकाराची १९५९ ची पहिली निवडणूक उजाडावी लागली.

या यशाचे श्रेय एकट्या रामगुलामांना देणे योग्य नव्हे. मजूर पक्षात ते मागाहून आले. क्युरे, इमॅन्युएल आंक्तिल व गी रोझमाँ यांनी पक्ष मजुरांत रुजविला, आणि रोझमाँ यांच्या १९५६ मधील निधनानंतर नेतृत्व रामगुलामांकडे आले. १९६१ मध्ये ते मुख्यमंत्री व १९६४ मध्ये प्रीमियर झाले.

लँकेस्टर हाउस व शागोस : सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये घटनापरिषद भरली. गाएताँ द्युव्हाल यांच्या पक्षाची भूमिका ब्रिटनशी संलग्न राहावे व सार्वमत घ्यावे अशी होती. परिषद चालू असतानाच, २३ सप्टेंबर रोजी, ब्रिटिश पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी रामगुलामांची वेगळी भेट घेतली, आणि त्याच दिवशीच्या बैठकीत शागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडण्यास मॉरिशसच्या प्रतिनिधींची तत्त्वतः संमती मिळविण्यात आली. मोबदला ३० लाख पौंड ठरला. ८ नोव्हेंबर रोजी तो समूह वेगळी वसाहत म्हणून जाहीर झाला, दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ उभा राहिला आणि तेथील सर्व रहिवाशांना पुढील काही वर्षांत घरे, नारळीच्या वाड्या व थडगी मागे टाकून निघावे लागले. या संमतीबद्दल रामगुलामांना दोष देणारे आहेत, तसेच नकार दिला असता तर स्वातंत्र्यच लांबणीवर पडले असते असे मानणारेही आहेत. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये, ज्या वसाहतीवर ब्रिटनचाच अधिकार होता तिने ब्रिटनला दिलेली संमती मुक्त मानता येत नाही, या आधारावर मॉरिशसची वसाहतमुक्ती विधियुक्त रीतीने पूर्ण झाली नसल्याचे मत दिले. अवघ्या बेटाचे भवितव्य टांगणीला लागले असता एका माणसाला बंद दाराआड असा निर्णय करावा लागला, हे त्याच्या दोषांपेक्षा साम्राज्याच्या व्यवहारावर अधिक प्रकाश टाकते.

स्वातंत्र्य : सार्वमत झाले नाही. ७ ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत मजूर पक्ष, सुकदेव विष्णुदयाल यांचा गट व अब्दुल रझाक मोहम्मद यांचा मुस्लिम पक्ष यांच्या आघाडीने ६२ पैकी ३९ जागा जिंकल्या. विरोधकांनाही चाळीस टक्क्यांहून अधिक मते पडली. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रिओल व मुसलमान यांच्यात दंगली होऊन ब्रिटिश फौज आणावी लागली. १२ मार्च १९६८ रोजी, दांडीयात्रेचा प्रारंभदिन निवडून, शां द मार्सच्या मैदानावर नवा ध्वज चढला.

कारकीर्द : १९७१ मध्ये आणीबाणी जाहीर होऊन पुढील वर्षीची निवडणूक १९७६ पर्यंत ढकलली गेली, मताधिकारावर उभ्या राहिलेल्या नेत्याच्या हातून हे घडावे याचे वाईट वाटते. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. १९७३ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्क पारितोषिक मिळाले. जानेवारी १९७५ मध्ये नागपूरच्या पहिल्या विश्व हिंदी संमेलनास ते प्रमुख पाहुणे म्हणून उपस्थित होते.

अखेर : जून १९८२ च्या निवडणुकीत विरोधी आघाडीने मुख्य बेटावरील साठही जागा जिंकल्या, खुद्द रामगुलाम आपल्या मतदारसंघात पराभूत झाले, आणि त्यांनी निकाल मान्य करून सत्ता सोडली. १९८३ च्या अखेरीस ते गव्हर्नर जनरल झाले व त्या पदावर असतानाच रेदुई येथे निवर्तले.

कुटुंब : पुत्र नवीनचंद्र पुढे पंतप्रधान झाले.

स्मारके : पांपलमूसच्या वनस्पती उद्यानात त्यांची समाधी आहे, ते उद्यान व प्लेझान्सचा विमानतळ त्यांच्या नावे असून मॉरिशसच्या नाण्यांवर त्यांची मुद्रा आहे.